तीन अक्षरांचा पसारा

खांदा निखळला की हाडवैद्य तो बसवतो. सोनार अंगठीत खडा बसवतो. कोंबडी खुडूक झाली की घरची बाई तिला अंड्यांवर बसवते. कामे तीन, पण क्रियापद एकच. गंमत अशी, की इंग्रजीतही या तिन्ही कामांना एकच क्रियापद चालते : 'सेट'. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता हाड, हिरा आणि कोंबडी एकाच ओळीत बसवावीत, हे नवल वाटण्यासारखे आहे.

या नवलाचे उत्तर व्याकरणात सापडते. जुन्या इंग्रजीत 'सिट्टन' म्हणजे बसणे आणि 'सेट्टन' म्हणजे बसवणे. 'सेट' हे मुळात 'सिट'चे प्रयोजक रूप आहे. या घराण्याचे मूळ आपल्या ओळखीचे आहे. संस्कृतातला 'सद्' धातू त्यांचा सख्खा नातेवाईक. सदन, संसद, उपनिषद हे शब्द त्याच कुळातले. मराठीतले 'बसणे' मात्र वेगळ्या धातूपासून, 'उपविश्'पासून आले. म्हणजे शब्दांचे रक्त वेगळे, पण विचाराची वाट एक : एखादी वस्तू तिच्या जागी बसती करणे.

ही वाट इथवर समांतर जाते आणि मग फुटते. इंग्रजीत सूर्यही 'सेट' होतो. मराठीत तो मावळतो. गजर आपण लावतो, सापळाही लावतो. प्रश्नपत्रिका काढतो, किंमत ठरवतो, शीड उभारतो, उदाहरण घालून देतो, प्रवासाला निघतो, आणि दही तर आपले आपणच लागते. इंग्रजी माणूस या सगळ्यांसाठी 'सेट' हाच शब्द वापरतो. क्वचित त्याला 'आउट' किंवा 'अप'सारखे एखादे शेपूट जोडतो. तीन अक्षरांच्या या शब्दाचे नेमके अर्थ तरी किती? हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या आयुष्याची कित्येक वर्षे त्यात गेली.

सॅम्युअल जॉन्सन यांचा इंग्रजी कोश १७५५ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्याला छळणाऱ्या शब्दांची यादीच दिली आहे. त्या यादीत अवघड, ग्रांथिक शब्द नाहीत. गेट, गिव्ह, डू, पुट, सेट, गो, रन, मेक, टेक अशी पोरासोरांच्या तोंडची क्रियापदे आहेत. लॅटिन वळणाचा लांबलचक शब्द एका ओळीत उलगडता येतो. रोजच्या वापरातला शब्द हातात धरला की पाऱ्यासारखा निसटतो, हा त्यांचा अनुभव होता. कोशाच्या इतिहासातला हा मोठा धडा आहे. ज्या शब्दाला अर्थ विचारायला कोणी कधी कोश उघडत नाही, त्याच शब्दापाशी कोशकाराची सर्वांत जास्त दमछाक होते.

पुढच्या शतकात याच धड्याची परीक्षा झाली. १८५७ साली लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत नव्या कोशाचा विचार सुरू झाला. त्यातून पुढे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी उभी राहिली. १८७९ पासून जेम्स मरे तिचे संपादक होते. आपल्या बागेतल्या पत्र्याच्या खोलीत त्यांनी कप्पे करून घेतले आणि त्यांत ठिकठिकाणच्या वाचकांनी पाठवलेल्या चिठ्ठ्या ठेवल्या. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, ग्रंथ आणि साल. मदत करणाऱ्यांत फिट्झएडवर्ड हॉल हे एकेकाळी काशीच्या संस्कृत महाविद्यालयात शिकवलेले अमेरिकन पंडितही होते. १९०१ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी या कोशासाठी विनामोबदला मेहनत केली.

पद्धत साधी होती : अर्थ आधी ठरवायचा नाही, आधी वाक्ये मांडायची. चिठ्ठ्यांचे गट करायचे, गटांचा क्रम लावायचा, आणि कोणता अर्थ कोणत्या अर्थाच्या पोटातून निघाला ते शोधायचे. टेबलावर, जमिनीवर चिठ्ठ्या पसरून बुद्धिबळातल्या सोंगट्यांसारख्या त्या तासन्‌तास हलवत बसावे लागते, असे मरे यांनी सांगून ठेवले आहे. 'सेट' हा शब्द ज्या भागात येतो, त्याचे संपादन हेन्री ब्रॅडली यांच्याकडे होते. छापून झाला तेव्हा त्या एका क्रियापदाचे मुख्य विभाग १५४ झाले. शेवटच्या 'सेट अप' या विभागात पोटअर्थांना क्रमांक देता देता इंग्रजी वर्णमाला संपली. मग अक्षरे दुहेरी करून पुन्हा आरंभ करावा लागला.

कोश १९२८ साली पुरा झाला : ४,१४,८२५ शब्द आणि १८,२७,३०६ अवतरणे. तो पाहायला मरे नव्हते. १९१५ साली, 'टी' अक्षराचे काम चालू असताना, ते गेले. ब्रॅडलीही १९२३ साली गेले.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेट'चे सुमारे ४३० अर्थ होते आणि कोशातली सर्वांत लांब नोंद त्याचीच होती. पण २००० पासून नव्याने संपादन सुरू झाले तेव्हा आधी 'मेक'ने, मग 'पुट'ने आणि २०११ साली 'रन'ने त्याला मागे टाकले. पीटर गिलिव्हर या संपादकाने त्या एका 'रन'वर नऊ महिने काम केले आणि क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदले. यात काळाचाही हात आहे. वाफेचे इंजिन, कारखाना, आगगाडी, संगणकाचा प्रोग्राम या सगळ्या 'धावणाऱ्या' वस्तू. स्थिर जागी बसवण्याच्या जगापेक्षा पळवण्याचे जग मोठे झाले, तशी शब्दांची उतरंडही बदलली.

मग प्रतिशब्दांचे काय? १८५२ साली पीटर मार्क रॉजे या डॉक्टरांनी इंग्रजी शब्दांची एक हजार कल्पनांखाली वाटणी करणारा 'थिसॉरस' प्रसिद्ध केला. त्यातली मांडणी बारकाईने पाहिली तर एक गोष्ट उमगते : 'सेट'ला प्रतिशब्द नाहीत, त्याच्या एकेका अर्थाला आहेत. किंमतीपुरते 'डिटरमिन', ठेवण्यापुरते 'प्लेस', संस्थेपुरते 'एस्टॅब्लिश'. हे तिघेही फ्रेंचच्या दारातून इंग्रजीत आलेले, दरबारी कपड्यांतले पाहुणे. कोंबडीला अंड्यांवर 'एस्टॅब्लिश' करता येत नाही. घरचा शब्द सगळी कामे करतो. पाहुणा एकच करतो, पण नीटनेटके करतो.

मराठीला हा पेच फार पूर्वी कळला. ऑक्सफर्डच्या कोशाची कल्पना निघाली त्याच १८५७ साली मुंबईत मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. त्यांनी आरंभलेला आणि टॉमस कँडी यांनी तडीस नेलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. तिथे एकेका इंग्रजी क्रियापदापुढे मराठी क्रियापदांची रांग उभी करावी लागते. ती रांग म्हणजे भाषेची श्रीमंती. आपल्या 'लागणे'चे तसेच आहे : भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, निकाल लागतो आणि एखादा माणूस आपला मामाही लागतो. कोणत्या इंग्रजी शब्दाने हा संसार पेलावा?

आज मात्र उलटी गंगा वाहते आहे. आपण गजर 'सेट करतो', केस 'सेट करतो', वेळ 'सेट करतो'. लावणे, बसवणे, ठरवणे या तिघांचे काम एकटा पाहुणा करू लागला आहे. जे मराठीतून इंग्रजीत जाताना एक होत असे, ते आता मराठीतच एक होते आहे. याची हळहळ वाटते, आणि ती खोटी नाही. एक क्रियापद मागे पडते तेव्हा काम करण्याची एक तऱ्हाही विसरली जाते.

तरीही इतिहास एवढ्यावर थांबत नाही. 'मुलगा पुण्यात सेट झाला' असे आई समाधानाने म्हणते, तेव्हा तिच्या मनात नोकरी, घर आणि लग्न तिन्ही असतात. इंग्रजी माणूस इथे 'सेटल' म्हणेल. तोही त्याच 'बसण्या'च्या कुळातला शब्द. मराठीने पाहुण्याला घरात घेऊन नवा अर्थ दिला आहे. हे वाक्य पहिल्यांदा कोणी, कुठे, कोणत्या साली लिहिले? मरे असते तर त्यांनी एक कोरी चिठ्ठी पुढे सरकवली असती. ती भरण्याचे काम आता आपले आहे.