प्रोपेनच्या लहान बाटल्यांचे पुनर्भरण

सहल, रानातील मुक्काम, मासेमारी अशा प्रसंगी शेगडी, कंदील किंवा हीटर चालवण्यासाठी प्रोपेन वायूची हातात मावेल एवढी बाटली वापरतात. ती रिकामी झाल्यावर तिच्यात पुन्हा द्रवरूप प्रोपेन भरणे म्हणजे प्रोपेनच्या लहान बाटल्यांचे पुनर्भरण होय. हा विषय प्रामुख्याने अमेरिका व कॅनडा या देशांशी निगडित आहे. तेथे सुमारे एक पौंड प्रोपेन मावणारी पोलादी बाटली दुकानात सहज विकत मिळते. ती ‘एक पौंडी बाटली’ या नावाने ओळखली जाते.

या बाटल्यांचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार एकदाच वापरून टाकून देण्यासाठी बनवलेला असतो, तर दुसरा पुन्हा पुन्हा भरण्यासाठीच घडवलेला असतो. आकार आणि तोंडाची जोडणी यांत दोन्ही सारखे दिसत असले, तरी त्यांची बांधणी व त्यांना लागू होणारे नियम भिन्न आहेत. पुनर्भरणातील बरेचसे धोके हा भेद न जाणल्यामुळे उद्भवतात.

प्रोपेनचे गुणधर्म

प्रोपेन हा तीन कार्बन व आठ हायड्रोजन अणूंनी बनलेला ज्वलनशील हायड्रोकार्बन वायू आहे. त्याचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे नेहमीच्या तापमानाला तो उघड्यावर वायुरूपात असतो, परंतु बंद पात्रात दाबाखाली द्रवरूपात राहतो. द्रवाचे वायूत रूपांतर होताना त्याचे आकारमान सुमारे २७० पट होते. त्यामुळेच एवढ्याशा बाटलीत तास-दोन तास स्वयंपाक करता येईल इतके इंधन सामावते.

बाटलीतील दाब द्रव किती आहे यावर अवलंबून नसून तापमानावर अवलंबून असतो. या दाबास बाष्पदाब म्हणतात. उणे १८ अंशांना तो वातावरणाच्या दाबाच्या सुमारे अडीच पट, २० अंशांना आठ पटींहून थोडा अधिक, तर ५० अंशांना सुमारे १७ पट असतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतील बाटली धोक्याची का ठरते, हे या आकड्यांवरून ध्यानात येते.

द्रवरूप प्रोपेनचे उष्णतेमुळे होणारे प्रसरणही मोठे असते. तापमान १५ अंशांवरून ५० अंशांवर गेल्यास पाण्याचे आकारमान सुमारे १ टक्क्याने वाढते, तर द्रवरूप प्रोपेनचे सुमारे १३ टक्क्यांनी वाढते. म्हणून प्रोपेनचे कोणतेही पात्र काठोकाठ भरत नाहीत. प्रसरणासाठी वर मोकळी जागा ठेवणे अनिवार्य असते.

प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट जड आहे. गळती झाल्यास तो वर निघून न जाता तंबूच्या तळाशी, तळघरात किंवा मोटारीच्या सामानकप्प्यात साचतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण २ ते ९.५ टक्के असताना ठिणगी मिळाल्यास तो पेट घेतो. मूळच्या प्रोपेनला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मर्कॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात.

बाटलीची रचना

प्रचलित बाटलीत १६.४ औंस, म्हणजे ४६५ ग्रॅम प्रोपेन असतो. रिकाम्या बाटलीचे वजन सुमारे ४०० ग्रॅम भरते आणि तिचे अंतर्गत आकारमान एक लिटरहून थोडे अधिक असते. तोंडाशी एक इंच व्यासाचे आटे असतात. त्यांवर शेगडीचा दाबनियंत्रक फिरवून बसवतात.

बाटलीला दोन झडपा असतात. मुख्य झडप मोटारीच्या चाकातील झडपेसारखी असते. मधली दांडी दाबली की ती उघडते आणि दाब काढला की स्प्रिंगमुळे आपोआप मिटते. दुसरी सुरक्षा झडप होय. आतील दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास ती उघडून वायू बाहेर सोडते व दाब उतरताच पुन्हा बंद होते.

एकदाच वापरायच्या बाटल्या अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या ‘डीओटी-३९’ या मानकानुसार बनवतात. कॅनडात यास समांतर असे ‘टीसी-३९एम’ हे मानक आहे. या बाटल्यांचे पोलाद पातळ असते. कारखान्यात एकदा भरून, एकदा रिकामी होईपर्यंत टिकणे एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा असते. मोठ्या सिलिंडरांप्रमाणे ठरावीक मुदतीनंतर त्यांची पुनर्तपासणी होत नाही.

पुनर्भरणामागील कारणे

पुनर्भरणाकडे लोक वळतात ते मुख्यतः दोन कारणांनी. पहिले कारण खर्च. मोठ्या सिलिंडरमधील प्रोपेनच्या तुलनेत लहान बाटलीतील तेवढाच प्रोपेन कितीतरी महाग पडतो. अमेरिकेत घराबाहेरील मोठ्या शेगडीसाठी वापरला जाणारा २० पौंडी सिलिंडर सुमारे ९ किलोग्रॅमचा असतो. तेवढ्या इंधनासाठी लहान बाटल्या घ्यायच्या झाल्यास जवळपास २० लागतात.

दुसरे कारण कचऱ्याचे. या २० बाटल्यांबरोबर सुमारे ८ किलोग्रॅम पोलाद टाकाऊ होते. रिकामी वाटणाऱ्या बाटलीतही थोडा वायू शिल्लक राहतो. ती कचरा दाबणाऱ्या यंत्रात किंवा भंगारात गेल्यास स्फोट होऊन कामगारांना इजा होऊ शकते. म्हणून अनेक ठिकाणी ती घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी द्यावी लागते. राष्ट्रीय उद्याने व मुक्कामाच्या जागा येथे अशा बाटल्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावणे हे व्यवस्थापनापुढील खर्चिक काम आहे.

घरगुती पुनर्भरणाची पद्धत व तिच्यातील दोष

घरगुती पद्धतीत मोठा सिलिंडर व लहान बाटली यांच्यामध्ये पितळी जोडणी बसवतात. मोठा सिलिंडर उलटा धरला असता त्यातील द्रव लहान बाटलीत उतरतो. द्रव वाहण्यासाठी दोन पात्रांच्या दाबात फरक हवा असतो. तो निर्माण करण्यासाठी लहान बाटली आधी फ्रीजरमध्ये थंड करण्याची रीत आहे. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे बरोबर असले, तरी पातळ बाटलीच्या बाबतीत या पद्धतीत पुढील दोष संभवतात.

अतिभरण : लहान बाटलीत भरण आपोआप थांबवणारी यंत्रणा नसते. उणे १८ अंशांपर्यंत थंड केलेली बाटली तेवढ्याच थंड द्रवाने काठोकाठ भरली आणि नंतर १५ अंशांपर्यंत तापली, तर आतील द्रवाला सुमारे ९ टक्के अधिक जागा लागते. ती जागा बाटलीत नसते. द्रव जवळजवळ दाबला जात नसल्याने अशा वेळी दाब बाष्पदाबाच्या कितीतरी पलीकडे झपाट्याने चढतो. सुरक्षा झडप उघडली तर ज्वलनशील वायूचा लोट बाहेर पडतो, आणि न उघडल्यास बाटली फुटण्याचा संभव असतो.

झडपेची गळती : मुख्य झडपेतील रबरी बैठक वारंवार वापरासाठी नसते. जोडणी काढल्यानंतर ती पूर्णपणे मिटेलच याची खात्री देता येत नाही. काही लोक भरताना आतला दाब कमी करण्यासाठी सुरक्षा झडपेची दांडी पकडीने ओढतात. असे केल्याने तीही नीट न मिटण्याची शक्यता असते. ही गळती मंद असल्यास बाटली भरताना लक्षात येत नाही. ती रात्री बंद तंबूत किंवा प्रवासात मोटारीत प्रकट होते.

गंज व पोचे : पातळ पोलादाला गंज लागल्यास अथवा पोचा पडल्यास त्याची ताकद घटते. जुन्या बाटलीच्या आतील स्थिती बाहेरून दिसत नाही.

कायदेशीर स्थिती

डीओटी-३९ बाटलीवर ती पुन्हा भरू नये अशी स्पष्ट सूचना छापलेली असते. पुन्हा भरलेल्या बाटलीची वाहतूक करण्यास अमेरिकेच्या संघीय कायद्याने मनाई आहे. त्यासाठी ५ लाख डॉलरपर्यंत दंड व ५ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, असा इशाराही बाटलीवर असतो. या मनाईचा रोख वाहतुकीवर असल्याने घरी भरणे निषिद्ध नाही, असा युक्तिवाद काही जण करतात. परंतु अशी बाटली भरली जाते ती बाहेर नेण्यासाठीच, आणि झडपेची झीज घर व रस्ता असा भेद करीत नाही.

मोठ्या सिलिंडरांबाबत अमेरिकेत अतिभरण रोखण्याची तरतूद झालेली आहे. ४ ते ४० पौंडी सिलिंडरांत तरंगत्या गोळ्यावर चालणारी झडप असते व ती सुमारे ८० टक्के भरणानंतर प्रवाह थांबवते. एक पौंडी बाटली या तरतुदीच्या कक्षेबाहेर राहते.

कॅलिफोर्निया राज्याने २०२२ मध्ये केलेल्या कायद्यानुसार एकदाच वापरायच्या एक पौंडी प्रोपेन बाटल्यांच्या विक्रीवर १ जानेवारी २०२८ पासून बंदी येणार आहे. टाकाऊ बाटल्यांचा प्रश्न पुनर्भरणक्षम बाटल्यांकडे वळून सोडवावा, हा त्यामागील हेतू आहे.

पुनर्भरणक्षम बाटली

पुनर्भरणासाठी बनवलेल्या बाटलीचे पोलाद अधिक जाड असते, झडप वारंवार उघडझाप सोसणारी असते आणि रिकामे वजन बाटलीवर कोरलेले असते. काही प्रकारांत द्रवपातळी दाखवणारा लहान स्क्रू असतो. भरताना तो किंचित सैल ठेवतात. त्यातून वायूऐवजी द्रवाचे पांढरे तुषार येऊ लागले की बाटली पुरेशी भरली असे समजून प्रवाह बंद करतात. अशी बाटली विक्रेत्याकडून भरून घेता येते किंवा रिकामी देऊन भरलेली बदलून घेता येते.

भरण योग्य आहे की नाही हे पाहण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे वजन. भरलेल्या बाटलीच्या वजनातून रिकामे वजन वजा केल्यावर उरणारा आकडा निर्धारित मर्यादेपेक्षा जास्त नसावा. एक पौंडी बाटलीत ही मर्यादा ४६५ ग्रॅमच्या आसपास असते. भरण उघड्यावर, ज्योत व ठिणगी यांपासून दूर करतात. उडालेला द्रव क्षणात बाष्प होऊन त्वचा गोठवतो, म्हणून हातमोजे व चष्मा वापरतात. शेवटी झडपांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का, हे पाहतात.

भारतातील स्थिती

भारतात एक पौंडी प्रोपेन बाटलीचा प्रसार नाही. येथे घरगुती वापरासाठी प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण असलेला द्रवरूप पेट्रोलियम वायू १४.२ किलोग्रॅमच्या सिलिंडरमध्ये मिळतो. ५ किलोग्रॅमचा लहान सिलिंडरही अधिकृतपणे उपलब्ध आहे. घरगुती सिलिंडरमधून लहान सिलिंडरमध्ये वायू काढून विकण्याचे प्रकार शहरांत आढळतात. परवान्याविना असे भरण करणे बेकायदेशीर आहे. वायू सिलिंडरांचे नियमन ‘गॅस सिलिंडर नियम, २०१६’ यांनुसार होते. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे.

हिमालयात व सह्याद्रीत भटकंती करणारे गिर्यारोहक आटे असलेले लहान वायुडबे वापरतात. त्यांत बहुधा ब्युटेनयुक्त मिश्रण असते. ब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे ०.५ अंश असून २० अंशांना त्याचा बाष्पदाब प्रोपेनच्या सुमारे एक चतुर्थांश असतो. म्हणून केवळ ब्युटेनसाठी बनवलेल्या डब्यात प्रोपेन भरणे अत्यंत धोक्याचे आहे. असे डबे आगगाडीत अथवा विमानात नेता येत नाहीत. रेल्वे अधिनियम, १९८९ नुसार धोकादायक माल बेकायदा नेणे हा दंडनीय अपराध आहे.

हे सुद्धा पहा

प्रोपेन
ब्युटेन
बाष्पदाब
द्रवरूप पेट्रोलियम वायू