शिशाच्या गोळीवरचं तांबं

आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. अमेरिकेत बंदुकीच्या गोळ्या घरच्या घरी ओतणारे हौशी लोक बरेच आहेत. मोटारीच्या चाकांचा तोल साधायला लावतात ती शिशाची जुनी वजनं वितळवायची, साच्यात ओतायची, झाली गोळी. त्यातले काही जण पुढे वीज वापरून त्या गोळीवर तांब्याचा पातळ थर चढवतात. आपल्याकडे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा कृती सांगायला आपण इथे जमलेलो नाही. आपला प्रश्न असा की, शिशाला तांब्याचा अंगरखा मुळात हवाच कशाला? त्याचं उत्तर शोधत निघालो की आपण दोनदा एकाच ठिकाणी येऊन पोचतो: कलकत्त्याजवळचं दमदम.

शिसं गोळीला फार सोयीचं. जड, स्वस्त आणि अवघ्या ३२७ अंशांना वितळणारं. पण नरम इतकं की नखाने ओरखडा उठावा. बंदुकीची नळी आतून गुळगुळीत होती तोवर हे खपून गेलं. रायफल आली आणि नळीत पिळाच्या खाचा आल्या. गोळीने त्या खाचांत घट्ट बसून गरगर फिरत बाहेर पडायचं. म्हणजे घासणं आलं, आणि शिसं नळीत थापलं जाणंही. वर दारूची काजळी. यावरचा जुना तोडगा म्हणजे गोळीभोवती कागद आणि त्यावर वंगण.

हे वंगण आपल्याला शाळेपासून माहीत आहे. एन्फिल्ड रायफलच्या काडतुसाच्या कागदाला चरबी होती, ती गोळी नळीत सहज उतरावी म्हणून. जानेवारी १८५७ मध्ये दमदमला, जिथे या रायफलीचं शिक्षण चालू होतं, एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातून पाणी मागितलं. शिपायाने नकार दिला. तेव्हा खलाशी म्हणाला की, लवकरच गाई-डुकराची चरबी लावलेली काडतुसं दातांनी तोडावी लागतील, मग जात कुठे राहणार? अशी हकिकत त्या काळच्या कागदपत्रांत आहे. पुढे काय झालं ते सांगायला नको. वरसईच्या विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’मध्येही काडतुसांची गोष्ट येते. बंडाची कारणं अनेक होती, एका काडतुसावर सगळं ढकलणं आम्हाला पटत नाही. पण ती चरबी तिथे का होती, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. शिसं नरम, नळी पिळाची, म्हणून.

पुढच्या तीस वर्षांत वंगण पुरेनासं झालं. स्विस लष्करातले एडुआर्ड रुबिन यांनी १८८२ मध्ये शिशाच्या गोळीला तांब्याचं पातळ कवच घातलं. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू तयार केली. मार्टिनी-हेन्री रायफलची गोळी सेकंदाला सुमारे १,३०० फूट जायची, नव्या दारूने ती २,००० फुटांच्या घरात गेली. त्या वेगाला उघडं शिसं टिकेना. तांबं मात्र शिशापेक्षा कठीण आणि पोलादापेक्षा नरम. खाचा पकडतं, नळी खात नाही. आपण तांब्याच्या भांड्याला कथलाची कल्हई करतो ती पोटासाठी; ही तांब्याचीच कल्हई झाली, आणि ती बंदुकीच्या नळीसाठी. ज्याला गोळी लागणार त्याचा विचार यात कुठेच नव्हता.

तो विचार झाला, पण उलट्या बाजूने. ब्रिटिशांच्या नव्या रायफलच्या गोळीला तांबं-निकेलच्या मिश्रधातूचं कवच होतं. १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर वायव्य सरहद्दीवरचे अधिकारी तक्रार करू लागले की गोळी आरपार जाते आणि माणूस चालून येतच राहतो. मग दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकावरचं कवच काढून टाकलं. उघडं शिसं शरीरात शिरताच फुलायचं, जखम भयंकर व्हायची. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत ती आफ्रिदींवर वापरली गेली. ‘दमदम गोळी’ हा शब्द जगभर गेला तो इथून.

१८९९ मध्ये हेगच्या परिषदेत शरीरात सहज पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी आली. जाहीरनाम्याने कशावर बोट ठेवलं पहा: गाभा पूर्ण न झाकणारं कवच! नळी वाचवण्यासाठी घातलेलं तांबं आता माणुसकीची खूण ठरलं. ब्रिटन आणि अमेरिकेने विरोधात मत दिलं. ‘रानटी’ शत्रू साध्या गोळीने थांबत नाही, असा ब्रिटिश प्रतिनिधीचा युक्तिवाद होता. खरी ग्यानबाची मेख पुढेच आहे. ही बंदी सही करणाऱ्या राष्ट्रांच्या आपसातल्या युद्धापुरतीच होती. आफ्रिदींनी सही कुठे करायची? ब्रिटनने १९०७ मध्ये सही केली, तेव्हाही आफ्रिदी या कागदाबाहेरच राहिले.

आता विजेकडे येऊ. लष्करी कवच हे पत्र्याची वाटी ओढून बनवतात, त्याला अवजड यंत्रं लागतात. घरात ते शक्य नाही. वीज शक्य आहे. १८३८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला मोरित्झ याकोबी यांनी विजेच्या साह्याने द्रावणातलं तांबं हव्या त्या पृष्ठावर बसवून दाखवलं, आणि १८४० च्या दशकात इंग्लंडमध्ये लोक हौसेने नाण्यांच्या आणि पदकांच्या तांब्याच्या प्रतिकृती काढू लागले. द्रावण म्हणजे आपलं मोरचूद, द्राक्षबागेत चुन्याबरोबर फवारतात तेच. त्यात लोखंडी खिळा बुडवला तर विजेशिवायही लाल होतो. पण तो थर बोटाने पुसला जातो, आणि घरच्या हौशी मंडळींचं घोडं अडतं तेही इथेच. थर नीट धरला नाही तर पिळाच्या खाचा तो सोलून काढतात, आणि शिसं पुन्हा नळीला लागतं. पातळ थराची गोळी वेगाने सोडायचीही सोय नाही. अलीकडे त्यातल्या बऱ्याच जणांनी तांब्याचा नाद सोडलाय. ते गोळ्यांना रंगाची कोरडी पूड लावतात आणि जुन्या टोस्टर ओव्हनमध्ये भाजून काढतात.