गायरान कोणाचं?

मेंढपाळ आणि शेतकरी यांचं भांडण म्हटलं, की आपल्याला उभ्या पिकात घुसलेला कळप दिसतो. भूमकडच्या बालाघाटाच्या माळावर मात्र हे नातं मुळात देवाणघेवाणीचं. सुगी झाली की शेतकरीच धनगराला रानात मेंढ्या बसवायला बोलवायचा. लेंड्यांचं खत घ्यायचा, बदल्यात ज्वारी द्यायचा. मग पोत्यातलं खत आलं, बोअरच्या पाण्यावर दुसरं पीक आलं, आणि रिकामं रान उरलं नाही. कळपानं चरायचं कुठं? गायरानात.

खरी गाठ इथं आहे. गायरान म्हणजे गावच्या जनावरांसाठी राखलेली सरकारी जमीन. कुंथलगिरीचा खवा ज्या तालुक्यातला, तिथं दुभत्या गुरांनाही ती हवीच. पण मराठवाड्यात भूमिहीन दलितांनी गायरानं कसायला घेतली. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४च्या सत्याग्रहांनी जमिनीच्या मागणीला बळ दिलं. २८ नोव्हेंबर १९९१च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९०पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. ही तारीख कुणाच्या जयंतीची, ते सांगायला नको. पुढे २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गावच्या सामायिक जमिनी मोकळ्या करायला सांगितलं. भूमिहीनांसाठी अपवादाची वाट मात्र ठेवली.

म्हणजे एकीकडे पिढ्यान्‌पिढ्या जमीन नाकारलेला माणूस, दुसरीकडे सातबारा नसलेला मेंढपाळ. भांडतात हे दोघे! बागायतदार यात दिसतच नाही. आणि उन्हाळ्यात ओढा आटला, की कळप पाण्याला न्यायचा तो त्याच्याच विहिरीवर, त्याला विचारून.