ड्रॉइंग टॅबलेट निवडताना

संगणकावर चित्र रेखाटण्यासाठीच्या ड्रॉइंग टॅबलेटचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्याला स्वतःचा पडदा नसतो. हात टेबलावरील फलकावर फिरतो आणि रेषा समोरच्या संगणकावर उमटते. दुसऱ्यात थेट पडद्यावरच चित्र काढता येते; मात्र त्याची किंमत बरीच अधिक असते. पहिल्या प्रकारात नजर व हात यांचा मेळ बसण्यास काही काळ सराव करावा लागतो. तो जमला की उत्तम काम होते.

आकार आपल्या हाताच्या सवयीनुसार ठरवावा. मनगटाच्या हालचालीने रेखाटणाऱ्यास सुमारे ६ बाय ४ इंचांचा फलक पुरतो. कोपरापासून हात फिरवून लांब रेषा ओढणाऱ्यास १० बाय ६ इंचांचा सोयीचा ठरतो.

पेनावरील दाबानुसार रेषा जाड-बारीक होते. जाहिरातींत ८,१९२ दाबपातळ्यांचा आकडा ठळक असला, तरी ४,०९६ पातळ्यांहून तो फरक हाताला क्वचितच जाणवतो. त्यापेक्षा अगदी हलका स्पर्श टिपला जातो का आणि सावकाश ओढलेली तिरकी रेषा थरथरते का, हे दुकानात स्वतः पाहावे. विद्युतचुंबकीय तंत्रावर चालणाऱ्या पेनाला फलकातूनच ऊर्जा मिळत असल्याने बॅटरी लागत नाही.

आपल्या संगणकाला चालणारा ड्रायव्हर आणि पेनाची सुटी टोके मिळतात का, याचीही खात्री करावी. ‘क्रिटा’ हे चित्रकलेचे सॉफ्टवेअर मोफत असल्याने नवशिक्याला पडदा नसलेल्या मध्यम फलकावर कमी खर्चात सुरुवात करता येते.