बांध कोणाचा? पेण-रोह्याच्या खारेपाटातील हद्द आणि शेजार

१/
पेण किंवा रोहा तालुक्यात जमीन विकत घेणाऱ्याला सातबाऱ्यावर क्षेत्र दिसते, हद्द दिसत नाही. हद्द नकाशावर असते, बांधावर असते आणि पुष्कळदा शेजाऱ्याच्या स्मरणात असते. या तीन हद्दी एकमेकींशी का जुळत नाहीत, याचे उत्तर या भूमीच्या इतिहासात आहे.

२/
मराठेशाहीत शिवेचा तंटा गोतसभेपुढे जाई. पाटील, वतनदार, बलुतेदार आणि शेजारच्या गावांतील जाणती माणसे एकत्र बसत. निवाड्याचा महजर लिहिला जाई. शिवेच्या खुणा सांभाळणे हे महार वतनदाराचे काम असे आणि त्याच्या साक्षीला मोठे वजन असे. ज्याच्या शब्दावर गावाची शीव ठरे, त्याचे घर मात्र गावकुसाबाहेर असे.

३/
भोगावती, अंबा आणि कुंडलिका या नद्यांच्या खाडीपट्ट्यात प्रश्न आणखी बिकट होता. तेथील भातशेती भरतीच्या पाण्यापासून मातीचे बांध घालून मिळवलेली. अशा जमिनीत बांध ही दोन शेतांमधली नुसती रेघ नसते. खारे पाणी अडवणारी ती भिंत असते.

४/
या पट्ट्यात ‘शिलोत्री’ नावाची धारणपद्धती होती. स्वखर्चाने खार बांधून काढणारा तो शिलोत्रीदार. समुद्राकडचा मोठा बांध राखण्याची जबाबदारी त्याची, आतले बांध राखण्याची कुळांची. मोठ्या बांधाच्या डागडुजीसाठी कुळे धान्याचा ठरावीक वाटा देत.

५/
या व्यवस्थेमागे साधा हिशेब होता. एका ठिकाणी खांड पडली की खारे पाणी साऱ्यांच्या शेतांत शिरे आणि जमीन पुन्हा पिकाखाली येण्यास काळ लागे. शेजाऱ्याची हयगय हे स्वतःचेच नुकसान होते. त्यामुळे बांध कोणाचा, याइतकाच तो राखायचा कोणी, हा प्रश्न महत्त्वाचा होता.

६/
इंग्रजी मोजणी १८३५-३६ मध्ये पुणे जिल्ह्यातील इंदापुरात सुरू झाली आणि पुढील दशकांत कोकणात उतरली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद तो गुंठा; ४० गुंठ्यांचा एकर. हद्द माणसांच्या स्मरणातून दगडांवर आणि नकाशावर आली. कोकणातली खाचरे मात्र लहान आणि वाटेकरी अनेक. एकेका सर्व्हे नंबरात कित्येक खाचरे सामावली. पुढे पोटहिस्से वाढत गेले.

७/
१९४८ च्या खारजमीन कायद्याने बांधांसाठी सरकारी मंडळ आले. १९४९ च्या कायद्याने खोती संपली. सरंजामी वसुली गेली, हे इष्टच झाले. परंतु समुद्राकडच्या बांधाची काळजी हळूहळू सरकारी कार्यालयाकडे सरकली आणि शेजाऱ्यांमधला जुना व्यवहार विरळ झाला.

८/
आज वाद दोन प्रकारे पेटतो. एक, बांध कोरणे: दर नांगरटीला थोडी माती आपल्याकडे ओढली जाते. दुसरा, नव्या मालकाचे तारेचे कुंपण. भातशेतीत पाणी एका खाचरातून दुसऱ्या खाचरात उतरते आणि माणसे बांधावरून ये-जा करतात. कुंपणाने दोन्ही वाटा अडतात.

९/
कायद्याला ही वहिवाट ठाऊक आहे. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमानुसार शेताचा रस्ता किंवा पाणी अडवल्यास तो अडथळा दूर करण्याचा आदेश देता येतो. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम १४३ बांधावरून जाण्याच्या हक्काचा निर्णय तहसीलदाराकडे सोपवते.

१०/
हद्द कायम करण्याच्या मोजणीपूर्वी लगतधारकांना नोटीस दिली जाते. गोतसभा गेली, तरी शेजाऱ्याला बांधावर बोलावण्याची रीत शिल्लक आहे. मोजणीने रेघ कोठून जाते ते कळते. खांड पडल्यावर माती टाकायला कोण येणार, ते मोजणीच्या नकाशावर लिहिलेले नसते. म्हणून खारेपाटात जमीन घेणाऱ्याने टिपण, फाळणी नकाशा आणि फेरफार जरूर तपासावेत. पण कुंपणाचा पहिला खांब रोवण्याआधी चारही बाजूंच्या शेजाऱ्यांसह बांधावरून एकदा चालून यावे.