फकिराचे संस्थान आणि पाथरी

माणसाची संस्था झाली की तिला आधी जमाखर्च लागतो, मग पोथी, आणि बऱ्याच उशिरा जन्मगाव. शिर्डीच्या साईबाबांच्या बाबतीत हा क्रम आम्हांला विशेष स्पष्ट दिसतो.

बाबा १५ ऑक्टोबर १९१८ रोजी निवर्तले. हयातीत ते मशिदीत राहत, दारोदार भिक्षा मागत आणि आलेली दक्षिणा वाटून टाकत. उद्यासाठी काही उरू नये हीच त्यांची व्यवस्था. दफन कोठे करावे यावर हिंदू-मुसलमान भक्तांत वाद झाला. अखेर नागपूरच्या बुटींच्या वाड्यात, मुरलीधराच्या मूर्तीसाठी योजलेल्या जागी, देह ठेवला गेला. १९२२ मध्ये अहमदनगरच्या न्यायालयाने संस्थानची घटना मंजूर केली. (करिश्मा नित्यक्रमात कसा मुरतो हे सांगणारा मॅक्स वेबरचा ग्रंथ त्याच सुमारास जर्मनीत छापला जात होता.)

पोथी गोविंद रघुनाथ दाभोळकरांनी रचली. मॅजिस्ट्रेटच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या या गृहस्थाने 'श्रीसाईसच्चरित' ओवीबद्ध, पारायणाला सोयीचे लिहिले. पण बाबांचा जन्म, आईबाप, गाव कोणालाच ठाऊक नाही, असेही त्यात निःसंकोच नोंदवले. या मौनात आम्हांला पोथीचे सारे बळ दिसते. कूळच अज्ञात असल्यामुळे मशिदीतली धुनी कोणा एका जातीची ठरत नाही.

हे मौन पुढच्या पिढ्यांना सोसले नाही. म्हाळसापतींच्या नावावर सांगितली जाणारी पाथरीची आठवण नरसिंहस्वामींच्या चरित्रात आली, १९७० च्या दशकात विश्वास खेरांनी परभणी जिल्ह्यातल्या या गावी जाऊन भुसारी घराण्याशी धागा जोडला, आणि पुढे तेथे जन्मस्थान मंदिर उभे राहिले. गावाला अशी कथा नवी नाही. निजामशाही घराण्याचा मूळपुरुषही पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या कुळातला, मुसलमान झालेला ब्राह्मण, असे फिरिश्ता सांगतो. पाथरीहून निघून, धर्माची सीमा ओलांडून, नगरच्या मुलखात थोर होणे ही वाट कथेने आधीच मळवलेली होती.

जानेवारी २०२० मध्ये राज्य शासनाने पाथरीसाठी १०० कोटी रुपयांची घोषणा केली, तेव्हा शिर्डीने १९ तारखेला बंद पाळला. निधी मिळो, पण 'जन्मस्थान' हा शब्द नको, असे शिर्डीकरांचे म्हणणे होते. त्यामागे बाजारपेठेचे हित होतेच. तरीही जुन्या पोथीच्या बाजूने त्या दिवशी उभे होते ते शिर्डीकरच, कारण भुसारी हे आडनाव मान्य केले की त्यामागून जातही येते.