ब्राऊनिंगचे पिस्तूल

ब्राऊनिंग हे नाव महाराष्ट्राला अपरिचित नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या ब्राऊनिंग पिस्तुलातून. सावरकरांनी लंडनहून धाडलेल्या वीस पिस्तुलांपैकी ते एक. ही हकीकत आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण हा ब्राऊनिंग कोण, हे आपण सहसा विचारीत नाही.

जॉन ब्राऊनिंग १८५५ साली अमेरिकेतील युटा प्रदेशात, ऑग्डेन गावी, एका बंदूक-कारागिराच्या घरी जन्मला. गोळी सुटताना जो धक्का बसतो, त्यालाच त्याने कामाला जुंपले. नळीवरचे पोलादी आवरण त्या धक्क्याने मागे सरकते, रिकामे काडतूस बाहेर फेकते आणि पुढे येताना मुठीतल्या पेटीतून नवे काडतूस नळीत भरते. चाप मात्र प्रत्येक गोळीस नव्याने ओढावा लागतो. म्हणून हे पिस्तूल अर्धस्वयंचलित. बेल्जियममध्ये तयार होणारा त्याचा १९०० चा नमुना ७.६५ मिलिमीटरचा, कोटाच्या खिशात मावणारा होता.

अमेरिकन लष्कराची गरज निराळी होती. फिलिपीन्समध्ये परकी सत्तेशी झुंजणाऱ्या मोरो लोकांपुढे अधिकाऱ्यांची ०.३८ इंची रिव्हॉल्व्हरे अपुरी पडली. १९०४ च्या चाचण्यांनंतर थॉम्पसन आणि लागार्ड या अधिकाऱ्यांनी निदान ०.४५ इंची गोळी असावी, अशी शिफारस केली. मार्च १९११ च्या अखेरच्या परीक्षेत ब्राऊनिंगच्या कोल्ट पिस्तुलाने ६,००० गोळ्या एकदाही न अडकता झाडल्या, आणि २९ मार्चला लष्कराने ते स्वीकारले.

परंतु आम्हांस त्याहून बोधप्रद वाटते ती खटक्यांची गोष्ट. एका हाती लगाम असलेल्या घोडेस्वाराने भरलेले पिस्तूल धोका न पत्करता पुन्हा कमरेला कसे लावावे, ही घोडदळाची अडचण होती. तीसाठी अंगठ्याने लावावयाचा खटका आला. मुठीच्या पाठीमागे दुसरा खटका होताच. मूठ नीट आवळल्याखेरीज चाप सुटत नाही. पहिल्या महायुद्धाच्या अनुभवानंतर चापही आखूड करण्यात आला, म्हणजे लहान हाताचे बोट त्यावर सहज पोहोचावे.

१९८५ साली लष्कराने पंधरा काडतुसांचे ९ मिलिमीटरचे बेरेटा निवडले. सात काडतुसांचे, सुमारे १.१ किलो वजनाचे जुने पिस्तूल बाळगावयास जडच. तरी ओहायोतील कॅम्प पेरीच्या मैदानावर नेमबाज ते आजही आवडीने हाती घेतात. त्याचा चाप सरळ मागे जातो, त्यामुळे नेम ढळत नाही; आणि जे वजन कमरेला भार होते, तेच हाताला स्थैर्य देते.

तेव्हा पिस्तुलाची निवड करणाऱ्याने प्रथम काय पाहावे? गोळी केवढी, हा प्रश्न दुसरा. आपल्या हाताला ते आवरते काय आणि ते कशासाठी हवे, हा पहिला. एकाच कारागिराची हत्यारे नाशिकला पारतंत्र्याविरुद्ध उठली आणि फिलिपीन्समध्ये राज्यकर्त्यांच्या कमरेला लटकली. यंत्राला पक्ष नसतो. खटका लावण्याची सोय कारागीर करून देतो. तो केव्हा काढावा, हा विवेक ज्याचा त्यानेच आणावयाचा असतो.